एका काउंटीने आपल्या सगळ्या सरकारी शाळा पाच वर्षं बंद ठेवल्या, ते कसं?

डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तिथे प्रत्येक राज्याने दोन पुतळे द्यायची पद्धत आहे. व्हर्जिनिया राज्याचा एक पुतळा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा आहे. दुसरा १९०९ पासून रॉबर्ट ली यांचा होता. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे हे सेनापती. त्यांचा पुतळा २०२० मध्ये हलवला आणि त्या जागी आता बार्बरा जॉन्स आली.

बार्बराने १९५१ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या आपल्या शाळेत संप घडवून आणला. संपाची गोष्ट चटकन कळते. त्या शाळेचं पुढे जे झालं ते मात्र सहजी गळी उतरत नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याविरुद्धचा खटला मुलं सर्वोच्च न्यायालयात जिंकली, आणि त्यावर उत्तर म्हणून काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारने, एकूण एक सरकारी शाळा बंद करून टाकली. एक-दोन महिने नव्हे, पाच वर्षं. लोकांनी निवडून दिलेलं सरकार असं करू कसं शकतं? आणि न्यायालयाला ते थांबवायला एवढा वेळ का लागला? या प्रश्नांची उत्तरं वंशद्वेषात आहेतच, पण शाळेचा पैसा कोणाच्या हातात असतो यातही आहेत. हा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो नीट पाहू.

शाळेची तिजोरी कोणाकडे?

काउंटी म्हणजे राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग. व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी लोकसंख्येने अगदी लहान. १९५० च्या सुमारास तिथे जेमतेम पंधरा हजार माणसं राहत होती. तंबाखूची शेती, थोडा लाकूडधंदा, आणि फार्मव्हिल हे एकच म्हणण्यासारखं गाव.

शाळा चालवायला तिथे एक शाळा मंडळ असतं. शिक्षक नेमणं, बस चालवणं, वर्ग भरवणं ही त्याची कामं. पण या मंडळाला स्वतः कर लावता येत नाही. घर-जमिनीवरचा कर ठरवतं ते काउंटीचं पर्यवेक्षक मंडळ, आणि ते निवडून आलेलं असतं. म्हणजे शाळा एकाच्या ताब्यात, तिजोरी दुसऱ्याच्या. एरवी या विभागणीकडे कोणाचं लक्षही जात नाही.

निवडून आलेलं म्हटलं तरी मतदार कोण, हेही पाहायला हवं. व्हर्जिनियात मत द्यायचं तर आधी वर्षाला दीड डॉलर मतदान-कर भरावा लागे, आणि मागच्या तीन वर्षांचा भरलेला असावा लागे. १९०२ च्या राज्यघटनेत ही अट घातली ती कृष्णवर्णीयांना मतदानापासून लांब ठेवण्यासाठीच. गरीब गोरेही तिच्यात अडकले. राज्याच्या निवडणुकांसाठीची ही अट थेट १९६६ मध्ये रद्द झाली.

१८० मुलांसाठी बांधलेली शाळा

त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असत. त्याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या निकालाचा: दोन्ही वंशांना वेगळं ठेवलं तरी चालेल, सोयी समान असल्या म्हणजे झालं. ‘वेगळे पण समान’ या नावाने हे तत्त्व ओळखलं जातं. यातला ‘वेगळे’ हा भाग कसोशीने पाळला गेला.

फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी १९३९ मध्ये विटांची एकमजली माध्यमिक शाळा बांधली गेली. नाव दिलं रॉबर्ट रुसा मोटन यांचं. मोटन याच काउंटीत वाढले आणि पुढे टस्कीगी या नामांकित संस्थेचे प्रमुख झाले. इमारत १८० मुलांसाठी होती. दहा-बारा वर्षांत तिथे साडेचारशेहून जास्त मुलं शिकू लागली. व्यायामशाळा नाही, जेवणघर नाही, विज्ञानाची धड प्रयोगशाळा नाही. गावातल्या गोऱ्यांच्या शाळेत हे सगळं होतं.

नवी इमारत द्यायच्या ऐवजी शाळा मंडळाने आवारात तीन तात्पुरत्या खोल्या उभ्या केल्या. लाकडी सांगाडा आणि त्यावर डांबरी कागद. लांबून बघणाऱ्याला कोंबड्यांची खुराडी वाटावीत अशा. पाऊस आला की छत गळायचं आणि आत मुलं छत्री उघडून बसायची. थंडीत लोखंडी शेगडी पेटवायची. शेगडीजवळच्या मुलाला घाम फुटे आणि भिंतीकडेचं मूल कोट घालून कुडकुडे. इतिहासाचे शिक्षक सकाळी बसही चालवत, आणि शाळेत आल्यावर आधी शेगड्या पेटवत. जागा पुरेना तेव्हा काही तास उभ्या बसमध्येही झाले. त्या बसही गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या.

पालक वर्षानुवर्षं शाळा मंडळाकडे खेटे घालत होते. मंडळ दर वेळी पुढची तारीख देत होतं.

दहावी-अकरावीतली मुलं मोठ्यांना न सांगता काय करतात

बार्बराचं घर शाळेपासून बरंच लांब, खेड्यात. एका सकाळी तिची बस चुकली आणि ती रस्त्याकडेला थांबली असताना गोऱ्यांच्या शाळेची बस समोरून निघून गेली, अर्धी रिकामी. शाळेच्या दशेबद्दल ती संगीताच्या बाईंपाशी तक्रार करायची. बाई एकदा म्हणाल्या, मग तूच काहीतरी का करत नाहीस?

तिने खरंच केलं. निवडक मुलं गोळा केली. महिनोन्‌महिने गुपचूप बैठका घेतल्या, घरच्यांनाही सुगावा लागू दिला नाही. २३ एप्रिल १९५१ ला मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन गेला की तुमची काही मुलं बस स्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते तिकडे धावले. इकडे वर्गावर्गांत चिठ्ठी फिरली, खाली मुख्याध्यापकांच्या सहीसारखं ‘जे’ हे अक्षर. सगळी शाळा सभागृहात जमली, पडदा सरकला, आणि मंचावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा उभी. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं. मग पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि बोलायला लागली. साडेचारशे मुलं फलक घेऊन बाहेर पडली.

मुख्याध्यापकांना फोन करून लांब पाठवण्यात खोडसाळपणा नव्हता. त्यांची नोकरी शाळा मंडळाच्या हातात आहे हे मुलांना पक्कं ठाऊक होतं. कटात ते नव्हते असं सांगता यावं, एवढी काळजी मुलांनी घेतली होती. तरीही त्या वर्षअखेर त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. शाळेच्या आवारात कोणीतरी क्रूस जाळला. दहशत घालायची ही तिथली जुनी रीत. घरच्यांनी बार्बराला अलाबामात मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवून दिलं. हे काका म्हणजे धर्मोपदेशक व्हर्नन जॉन्स. त्यांच्यानंतर त्याच चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आले.

मागणी नव्या इमारतीची, मग खटला वेगळाच कसा?

मुलांना हवी होती नवी शाळा. मदतीसाठी त्यांनी ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या रिचमंडच्या वकिलांना पत्र लिहिलं. हे दोघे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील. संघटनेने तोवर धोरण बदललं होतं. समान इमारतींसाठी गावोगाव भांडत बसलो तर शंभर वर्षं पुरणार नाहीत, म्हणून आता वेगळेपणालाच आव्हान द्यायचं, असं ठरलं होतं. वकिलांनी मुलांसमोर आणि पालकांसमोर हीच अट ठेवली. स्थानिक चर्चचे रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांनी लोकांना धीर दिला. २३ मे १९५१ ला ११७ मुलांच्या नावाने खटला दाखल झाला. यादीत पहिलं नाव नववीतल्या डोरोथी डेव्हिसचं, म्हणून तो डेव्हिस खटला.

१९५२ मध्ये तीन न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: मुलांना वेगळं ठेवण्यात गैर नाही, सोयी तेवढ्या समान करा. १९५३ मध्ये मोटन हायस्कूलची नवीकोरी इमारत उभी राहिलीसुद्धा.

इथे पहिली शंका येते. इमारत मिळाली, मग तक्रार कसली उरली? उरली ती अशी, की ही इमारत संप आणि खटला झाल्यावर मिळाली. पुढच्या गळक्या छतासाठी पुढचा संप करायचा का? जोवर शाळा मंडळातल्या एकाही माणसाचं मूल त्या वर्गात बसत नाही, तोवर छत कधी दुरुस्त होणार हे त्यांच्या मर्जीवर राहणार. शिवाय समाजाने एका मुलाला दुसऱ्याशेजारी बसायला नालायक ठरवलं, तर विटा कितीही नव्या असल्या तरी तो शिक्का पुसला जात नाही. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने उचलला. डेव्हिस खटला इतर चार ठिकाणच्या खटल्यांबरोबर ऐकला गेला, आणि १७ मे १९५४ ला ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व सरकारी शाळांपुरतं मोडीत निघालं. निकाल ओळखला जातो तो कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या ब्राउन खटल्याच्या नावाने. पण त्या पाचांतला विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला एकच, फार्मव्हिलचा.

निकाल लागला आणि शाळा बंद झाली

१९५५ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीबद्दल आदेश दिला, पण त्यात तारीख नव्हती. विचारपूर्वक, पण वेगाने करा, अशा अर्थाचे शब्द होते. माझ्या मते सगळ्यात महागात पडला तो हा मोघमपणा.

व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी उघड विरोधाची हाक दिली. १९५६ मध्ये राज्याने कायदा केला: ज्या शाळेत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र बसतील ती शाळा राज्यपाल बंद करतील. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीत खरोखरच गोऱ्यांच्या शाळांना टाळं लागलं. १९ जानेवारी १९५९ ला राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन्ही न्यायालयांनी हे बेकायदा ठरवलं. मग राज्याने पवित्रा बदलला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा काढून टाकला आणि शाळा चालवायच्या की नाहीत हे ज्या-त्या काउंटीवर सोडलं.

मे १९५९ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने प्रिन्स एडवर्डला बजावलं, येत्या सप्टेंबरपासून मुलं एकत्र बसवा. हा आदेश होता शाळा मंडळाला. जूनमध्ये पर्यवेक्षक मंडळाने अंदाजपत्रक केलं, त्यात शाळांसाठी कर लावलाच नाही. शाळा मंडळ म्हणणार, आमच्याकडे पैसा नाही. पर्यवेक्षक म्हणणार, आम्हाला कोणी आदेश दिलेला नाही. सप्टेंबर उजाडला आणि काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना, मोटनच्या नव्या इमारतीसकट, साखळ्या लागल्या.

सगळ्यांच्याच शाळा बंद, मग भेदभाव कुठे?

काउंटीच्या वकिलांचा युक्तिवाद हाच होता, आणि पहिल्यांदा ऐकताना तो बिनतोड वाटतो. न्यायालयाने सांगितलं समान वागवा. आम्ही समान वागवलं. कोणालाच शाळा नाही.

समजा, गावच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू द्या असा हुकूम आला. पंचायतीने विहीरच बुजवून टाकली. आणि मग पंचायतीच्या पैशातून ठराविक आळीतल्या घरांना बोअरवेलसाठी अनुदान दिलं. विहीर सगळ्यांसाठीच बुजली हे खरं. पाण्याविना कोण राहिलं?

प्रिन्स एडवर्डमध्ये शब्दशः असंच घडलं. गोऱ्यांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खासगी शाळा लगोलग सुरू झाली. पहिल्या वर्षी चर्चच्या खोल्यांत, जागा मिळेल तिथे वर्ग भरले, खर्च देणग्यांतून भागवला. १९६० पासून सरकारी पैसा यायला लागला. प्राथमिकच्या मुलामागे राज्याकडून १२५ डॉलर, माध्यमिकच्या मुलामागे १५०, आणि वर काउंटीचे १००. शिवाय अकॅडमीला देणगी दिली तर काउंटीच्या करात सूट. म्हणजे सरकारी शाळेसाठी नाही म्हटलेला पैसा मागल्या दाराने खासगी शाळेत जात होता. आपल्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचं हा पालकांचा हक्क आहे, असं तेव्हाही म्हटलं जाई. हक्क आहेच. त्याचं बिल सरकारने भरावं, आणि तेही दुसऱ्याची शाळा बंद करून, हा त्या हक्काचा भाग नाही.

ती मुलं गेली कुठे?

सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांना शाळा उरली नाही. गोऱ्यांतल्या काही गरीब घरांतली मुलंही घरीच राहिली. ज्यांचे नातेवाईक शेजारच्या काउंटीत होते त्यांनी मुलं तिकडे ठेवली. नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने वरच्या वर्गांतल्या काहींना घेतलं. क्वेकर पंथाच्या सेवासंस्थेने काहींना दूरच्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवून शिकवलं. चर्चच्या तळघरांत अभ्यासाची केंद्रं निघाली. चालवणाऱ्यांनीच त्यांना शाळा म्हटलं नाही, कारण शाळेची जागा भरून निघाली असा समज व्हायला नको होता. उरलेली मुलं तंबाखूच्या शेतात गेली. १९५९ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल चार वर्षांनी दहा वर्षांचं झालं होतं, आणि शाळेत गेलं नव्हतं. पंधरा वर्षांचं मूल एकोणीस वर्षांचं झालं होतं, बहुधा कामाला लागलेलं.

मग कृष्णवर्णीयांनी आपलीच खासगी शाळा का काढली नाही? गोऱ्या पुढाऱ्यांनी तसा प्रस्ताव दिलाही होता. तो नाकारला गेला. मान्य केला असता तर वेगळ्या शाळा कायमच्या झाल्या असत्या आणि सरकारी शाळेवरचा दावा संपला असता. स्वतःच्या मुलांची वर्षं जात असताना हा निर्णय घेणाऱ्या आईबापांवर काय ओढवलं असेल, ते मला अजून पुरतं कळत नाही. त्यांचं बरोबर होतं, असं मात्र मला ठामपणे वाटतं.

पाच वर्षं का लागली?

कारण प्रश्न नवा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क लिहिलेला नाही. आपल्याकडे २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आलं आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झाला. तसं कलम तिथे नाही. त्यामुळे ‘शाळा बंद केली’ एवढं म्हणून भागत नव्हतं, ती वंशाच्या कारणाने बंद केली हे दाखवावं लागत होतं. त्यात राज्याच्या घटनेनुसार काउंटीवर शाळा चालवायचं बंधन आहे की नाही, हा वेगळा मुद्दा राज्याच्या न्यायालयात अडकला, आणि केंद्रीय अपील न्यायालय त्या उत्तराची वाट पाहत थांबलं.

दरम्यान १९६३ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने, खासगी देणग्यांवर ‘फ्री स्कूल्स’ सुरू झाल्या. व्हर्जिनियाचे माजी राज्यपाल कोलगेट डार्डन विश्वस्तांचे अध्यक्ष, आणि नील सुलिव्हन हे बाहेरून आलेले शिक्षणतज्ज्ञ प्रमुख. सुमारे दीड हजार मुलं आली. त्यांत गोरी मुलं दहासुद्धा नव्हती. पण दारं सगळ्यांना उघडी होती.

२५ मे १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटल्यात नाव होतं रेव्हरंड ग्रिफिन यांच्या मुलांचं. न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक यांनी लिहिलं की विचारपूर्वक वेगाची मुदत आता संपली आहे. बाकी राज्यात सरकारी शाळा चालू ठेवायच्या, एकाच काउंटीत बंद ठेवायच्या, आणि तिथेच सरकारी पैशाने गोऱ्यांची शाळा पोसायची, याचा उद्देश एकच दिसतो आणि तो घटनाबाह्य आहे. न्यायालयाने पुढचं पाऊलही टाकलं: गरज पडली तर पर्यवेक्षकांना कर लावायला भाग पाडता येईल. शाळा उघडायचा आदेश केंद्रीय न्यायालय देऊ शकतं, हे नऊपैकी दोन न्यायमूर्तींना पटलं नाही. शंका रास्त आहे. कर लावणं हे निवडून आलेल्यांचं काम. पण कर न लावणं हेच ज्यांनी हत्यार केलं, त्यांच्या हातून ते काढून घ्यायला दुसरा मार्ग कोणता होता, हे सांगणं कठीण आहे.

उघडली, पण कोणासाठी?

पर्यवेक्षकांनी शाळांना पैसे दिले, पण अकॅडमीच्या मुलांच्या शुल्कासाठी ठेवलेली रक्कम त्याच्या जवळपास दुप्पट होती. ऑगस्टमध्ये एका रात्री बैठक घेऊन, न्यायालयाने हात धरण्याआधी अनुदानाचे धनादेश गोऱ्या पालकांना वाटूनही टाकले. पुढे तो न्यायालयाचा अवमान ठरला.

सप्टेंबर १९६४ मध्ये सरकारी शाळा उघडल्या तेव्हा आलेली मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. मोटनची १९५३ ची इमारत पुढे प्रिन्स एडवर्ड काउंटी हायस्कूल झाली. गोरी मुलं तिथे सावकाश, १९७० च्या दशकापासून परतू लागली. अकॅडमीची करमाफी १९७८ मध्ये गेली. १९८० च्या दशकात तिने कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश दिला, आणि १९९३ मध्ये तिचं नाव बदललं. संपाची जुनी इमारत आज संग्रहालय आहे.

कायद्यातली फट व्हर्जिनियाने १९७१ च्या नव्या राज्यघटनेत बुजवली. मोफत सरकारी शाळा सगळ्या राज्यभर असल्याच पाहिजेत, ही जबाबदारी विधिमंडळावर. शिक्षण सक्तीचं. आणि प्रत्येक स्थानिक सरकारने आपल्या वाट्याचा खर्च दिलाच पाहिजे. तेव्हापासून तिथली कुठलीही काउंटी अंदाजपत्रकातून शाळा वगळू शकत नाही.

हे झालं पुढच्या मुलांसाठी. १९५९ च्या मुलांची वर्षं कोणत्याही कलमाने परत येणार नव्हती. २००३ मध्ये विधिमंडळाने खेद व्यक्त केला. पुढच्या वर्षी शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली. उद्योजक जॉन क्लूगी यांनी दहा लाख डॉलर दिले, तेवढेच राज्याने घातले. अर्ज करणारे तोवर पन्नाशी-साठीत पोचले होते. शाळेच्या दाखल्याइतक्या परीक्षेपासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत, त्यांचं शिक्षण जिथे तुटलं होतं तिथून पुढचा खर्च त्यातून मिळतो.